वाचनयादीतली खोटी विविधता

वर्ष संपत आलं की पुस्तकांच्या याद्या यायला लागतात. जिज्ञासू वाचकांसाठी दहा पुस्तकं, प्रत्येकाने वाचायलाच हवीत अशी पंचवीस, मरण्यापूर्वी वाचा अशी शंभर. यादी करणारा मनापासून काम करतो, यात शंका नाही. झोपेवर एक, पैशावर एक, मेंदूवर एक, साम्राज्यांच्या पडझडीवर एक, झाडांवर एक आणि तोंडी लावायला एखादी कादंबरी. विषय बघितले तर यादी अगदी चौफेर वाटते. पण ही पुस्तकं ओळीने वाचायला घेतली की तिसऱ्या-चौथ्या पुस्तकापाशी हे सगळं आधी वाचल्यासारखं वाटायला लागतं. पहिलं प्रकरण कुणातरी माणसाच्या किश्श्याने सुरू होतं. किस्सा ऐन रंगात आला की लेखक थांबतो, 'असं का झालं असेल?' असं विचारतो आणि एका संशोधनाकडे वळतो. मग एक ठसठशीत सिद्धांत, त्याला लक्षात राहील असं नाव, पुढे त्याच सिद्धांताला दुजोरा देणारी सात-आठ प्रकरणं आणि शेवटी तुम्ही उद्यापासून काय करावं याचा सल्ला.

यातली कित्येक पुस्तकं चांगली असतात. मीही ती वाचतो. पण दहाच्या दहा अशीच असतील तर वाचकाने दहा विषयांवरचं एकच पुस्तक वाचलेलं असतं. विषय बदलला, विचार करण्याची पद्धत तीच राहिली. म्हणून माझं म्हणणं असं की शिफारशीतली विविधता विषय मोजून ठरवूच नये. लेखकाला जे कळलं ते कसं कळलं, हे बघून ती ठरवावी. कुणी स्वतः भोगलेलं लिहितं. कुणी मोजमाप करून लिहितं. कुणी जुनी दप्तरं चाळून लिहितं, कुणी रचून लिहितं, कुणी दुसऱ्यांनी केलेलं काम गोळा करून आपल्याला समजेल अशा भाषेत मांडतं. हल्लीच्या याद्यांमध्ये बव्हंशी या शेवटच्याच प्रकाराची गर्दी असते आणि बाकीचे चार प्रकार चवीपुरते.

असल्या याद्यांचा नाद काही नवा नाही. 1886 च्या जानेवारीत जॉन लबक यांनी लंडनच्या कामगारांसाठी चालवलेल्या एका कॉलेजात वाचनावर व्याख्यान दिलं आणि त्यात शंभर उत्तम पुस्तकांची यादी सांगितली. लबक हे वल्ली गृहस्थ. धंद्याने बँकर, पार्लमेंटचे सभासद आणि फावल्या वेळात मुंग्यांचा अभ्यास करणारे, तोही असा की मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांवरचा त्यांचा 1882 चा ग्रंथ शास्त्रज्ञांनीही गंभीरपणे घेतला. त्यांची यादी त्या काळाच्या मानाने खरोखर मोकळी होती. रामायण आणि महाभारत (संक्षिप्त रूपात का होईना), कन्फ्यूशियसची वचनं, कुराण, फिरदौसीचा शाहनामा, डार्विन, सगळं त्यात होतं. एका वृत्तपत्राने ती यादी छापून मोठमोठ्या लोकांची मतं मागवली आणि वादाला तोंड फुटलं. कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी यादीवर सरळ काट मारायला सुरुवात केली. डार्विन, गिबन, व्हॉल्टेअर, मिल, सगळे बाद. ऑस्कर वाइल्डने पुस्तकांचे तीन वर्ग पाडले: वाचायची, पुन्हा वाचायची आणि अजिबात न वाचायची. तिसरा वर्ग सगळ्यात महत्त्वाचा, असं त्याचं म्हणणं. सर्वांत वाईट शंभर पुस्तकांची यादी कुणी केली तर तरुण पिढीवर खरे उपकार होतील, असंही त्याने सुचवलं. ती यादी कुणी केली नाही, याची मला अजून हळहळ वाटते.

गंमत बाजूला ठेवली तरी या वादातलं एक लक्षात घेण्यासारखं आहे. कुणीही विचारलं नाही की हा वाचक कोण आहे आणि त्याला नेमकं काय कळून घ्यायचं आहे. लबकपासून रस्किनपर्यंत सगळे पुस्तकांच्या लायकीवर भांडत होते. दिवसभर काम करून संध्याकाळी वर्गात बसलेल्या माणसाच्या डोक्यात कोणता प्रश्न घोळतोय, हा मुद्दा चर्चेत आलाच नाही.

पुढे हे लोण अमेरिकेत पोहोचलं. हार्वर्डचे चार्ल्स एलियट यांनी 1909 ते 1910 या काळात 51 खंडांची ग्रंथमाला काढली. पाच फूट लांबीची फळी भरेल एवढी पुस्तकं रोज पंधरा मिनिटं वाचली तर माणूस सुशिक्षित होईल, असा त्यामागचा दावा. 1952 मध्ये रॉबर्ट हचिन्स आणि मॉर्टिमर अॅडलर यांनी पाश्चात्त्य जगातल्या थोर ग्रंथांचे 54 खंड काढले. लेखक 74. त्यांत एकही स्त्री नव्हती. 1990 साली दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा खंड 60 झाले आणि चार स्त्रियांना जागा मिळाली: जेन ऑस्टिन, जॉर्ज एलियट, विला कॅथर आणि व्हर्जिनिया वुल्फ. पहिल्या वेळी त्या का सुटल्या? संपादक दुष्ट होते म्हणून सुटल्या, असं मला वाटत नाही. नवी यादी जुन्या यादीवरून केली जाते. जुनीत जे नव्हतं ते नवीत येत नाही, आणि दोन्हींत नाही म्हणजे त्यात काही दम नसणार, असं तिसरा यादी करणारा धरून चालतो.

आपल्याच भाषेत याचं लख्ख उदाहरण आहे. ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' 1882 साली छापलं गेलं. जोतीराव फुले यांनी 1885 मध्ये 'सत्सार'मधून त्याची पाठराखण केली. त्यानंतर हे पुस्तक जवळजवळ गडप झालं. स. गं. मालशे यांनी ते शोधून 1975 मध्ये पुन्हा प्रकाशात आणलं. मधल्या नव्वदेक वर्षांत मराठीत उत्तम पुस्तकांच्या याद्या झाल्याच असतील. त्या करणाऱ्यांनी हे पुस्तक वाचून नाकारलं, असं काही घडलं नाही. ते कुणाच्या हातातच नव्हतं.

म्हणून यादीत बायका किती, दलित लेखक किती, भाषांतरं किती हे मोजायला माझी हरकत नाही. उलट मोजावंच. 'साहित्यात आरक्षण कशाला आणता' ही तक्रार ऐकायला येते, पण ती करणारे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात: जुन्या याद्यांतही न मोजता आरक्षण होतंच, ते कुणाच्या डोळ्यांवर येत नव्हतं इतकंच. फक्त मोजून काम भागत नाही. दहा देशांतल्या, दहा वेगळ्या आडनावांच्या लेखकांची दहा पुस्तकं घेतली आणि ती सगळी किस्सा, संशोधन, सिद्धांत याच मापाने बेतलेली असली, तर यादीवरची नावं बदलली, वाचणाऱ्याच्या डोक्यात काहीच हललं नाही.

आता नुसतं बोलत बसण्यापेक्षा एक प्रश्न घेऊन बघू. समजा वाचकाला साथीच्या रोगाबद्दल कुतूहल आहे. कोविडनंतर ते बहुतेकांना आहे. साथ आली की माणसं कशी वागतात, आणि साथ कशामुळे येते हे कुणी कसं शोधून काढतं? नेहमीची यादी याला चार-पाच अलीकडची पुस्तकं देईल, बहुतेक पत्रकारांनी लिहिलेली. मी काय देईन ते सांगतो.

पहिलं पुस्तक थ्युसिडिडीस या ग्रीक इतिहासकाराचं. तेही सगळं नाही, दुसऱ्या भागातली अथेन्सच्या साथीवरची थोडीशी पानं. इसवी सनापूर्वी 430 मध्ये, स्पार्टाशी चाललेल्या युद्धाच्या दुसऱ्या वर्षी, अथेन्समध्ये साथ आली. थ्युसिडिडीस तेव्हा तिथे होता आणि त्याला स्वतःलाही तो रोग झाला होता. पण आपल्या आजाराचा उल्लेख तो एका वाक्यात उरकतो. कारणाबद्दल तो बोलत नाही. ते इतरांनी सांगावं म्हणतो. आपण लक्षणं लिहून ठेवतो, म्हणजे हा रोग पुन्हा आला तर ओळखता येईल, एवढीच त्याची भूमिका. आणि मग डोक्यात चढणारा ताप, लाल झालेले डोळे, न भागणारी तहान असं वरून खाली, क्रमाने सांगत जातो. मधूनच माणसं दिसतात. आपल्या मेलेल्या माणसासाठी लाकडं मिळत नाहीत म्हणून दुसऱ्याने रचलेल्या चितेवर प्रेत टाकून पळून जाणारे. आजारातून उठलेले, ज्यांना तो पुन्हा जीवघेणा होत नव्हता आणि म्हणूनच जे इतर रोग्यांची सर्वांत जास्त कणव करत होते. एवढं सगळं नोंदवूनही तो रोग नेमका कोणता, यावर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. स्वतः भोगून लिहिण्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही त्या काही पानांत दिसतात.

दुसरं पुस्तक डॅनियल डेफोचं, 1722 सालचं, लंडनमधल्या 1665 च्या प्लेगवरचं. प्लेगच्या वेळी शहर न सोडता राहिलेल्या एका माणसाची ही रोजनिशी आहे, असं ते सांगतं आणि शेवटी फक्त एच. एफ. अशी सही आहे. प्रत्यक्षात 1665 मध्ये डेफो जेमतेम पाच वर्षांचा असेल. मार्सेयमध्ये 1720 साली प्लेग उसळला होता, तो आपल्याकडे येईल या धास्तीत लंडन असताना त्याने हे लिहिलं. म्हणजे साक्षीदाराचं सोंग घेतलेली कादंबरी. पण या सोंगाआडून डेफो असं काही करतो जे खऱ्या साक्षीदाराला क्वचित सुचतं. दर आठवड्याला छापल्या जाणाऱ्या मृत्यूंच्या तक्त्यांमधले आकडे तो कादंबरीत जसेच्या तसे घालतो आणि मग त्यांच्यावरच संशय घेतो. प्लेगचे आकडे कमी दिसतायत, पण दुसऱ्याच आजारांनी मरणारे अचानक का वाढले? कारण घरात प्लेग निघाला की घराला बाहेरून कुलूप लागायचं आणि दारावर पहारा बसायचा. म्हणून लोक मृत्यू दुसऱ्या नावाखाली नोंदवून घेत. सरकारी आकडा कसा वाचावा, याचा इतका चांगला धडा मला एका कादंबरीत मिळावा हे मला अजूनही नवल वाटतं. कादंबरीला यादीत विरंगुळा म्हणून बसवणाऱ्यांनी ही पानं तरी बघावीत.

तिसरं जॉन स्नो या डॉक्टरचं, कॉलऱ्याचा प्रसार कसा होतो यावरचं, 1855 ची वाढवलेली आवृत्ती. हे पुस्तक रुक्ष आहे, तक्ते आहेत, आणि तेच त्याचं देणं आहे. दूषित हवेमुळे कॉलरा होतो असं तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत. स्नोचा संशय पाण्यावर. लंडनमधल्या ब्रॉड स्ट्रीटच्या हापशाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, त्याचं पाणी पिणारे कॉलऱ्याने मरत होते म्हणून 8 सप्टेंबर 1854 ला त्या पंपाचा दांडा काढला वगैरे. पण तीतही खरी मजा अपवादांची आहे. त्या हापशापासून लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा कॉलऱ्याने गेली. चौकशी केली तर तिला त्याच हापशाच्या पाण्याची गोडी होती म्हणून ती ते मुद्दाम मागवून घ्यायची. उलट हापशाला खेटून असलेल्या दारूभट्टीतले कामगार वाचले. ते पाणी पीतच नसत, त्यांना बिअर मिळत असे.

त्याहून मोठी कामगिरी पुढच्या पानांत आहे. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्या पाणी पुरवायच्या. दोघींचे नळ एकाच रस्त्यावरून, शेजारशेजारच्या घरांत गेलेले. एकीने 1852 मध्ये आपलं पाणी घेण्याचं ठिकाण थेम्सच्या वरच्या अंगाला, शहराच्या घाणीपासून दूर नेलं. दुसरी खालीच राहिली. म्हणजे शेजारी शेजारी राहणारी, सारख्याच हवेत श्वास घेणारी हजारो माणसं दोन वेगळी पाणी पीत होती. घरात कोणत्या कंपनीचं पाणी येतं हे कित्येकांना ठाऊकच नव्हतं, तेव्हा स्नोने पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकून ते ओळखायची युक्ती काढली. खालच्या पाण्यात मीठ जास्त, त्यामुळे साका जास्त. मग हिशेब: 1854 च्या साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत खालचं पाणी पिणाऱ्या दर 10,000 घरांमागे 315 मृत्यू, वरचं पिणाऱ्यांत 37, उरलेल्या लंडनमध्ये 59. डेफो नुकताच वाचून झालेला असेल तर वाचक इथे थबकतो. आकड्यांवर संशय घ्यायला एकाने शिकवलं, आणि दुसरा त्याच जातीच्या आकड्यांच्या जोरावर छातीठोकपणे बोलतोय. मग विश्वास कधी ठेवायचा? हा प्रश्न दोन्हींपैकी एकाच पुस्तकातून उभा राहिला नसता.

चौथं म्हणून मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या एखाद्या सरळसाध्या पाठ्यपुस्तकातलं कॉलऱ्याचं प्रकरण देईन. पाठ्यपुस्तकाची शिफारस कुणी करत नाही, त्यात शान नाही. पण स्नोला जंतू माहीत नव्हता. ज्या वर्षी तो लंडनमध्ये घरोघर फिरत होता त्याच 1854 मध्ये फ्लॉरेन्सला फिलिपो पाचिनी सूक्ष्मदर्शकातून तो जंतू बघत होता, आणि दोघांची गाठ पडली नाही. तो जंतू आतड्यात नेमकं काय करतो, मीठ-साखरेच्या पाण्याने जीव का वाचतो, हे पाठ्यपुस्तक तीन पानांत सांगतं, एकही किस्सा न सांगता.

आणि अल्बेर काम्यूची 'द प्लेग' ही 1947 ची कादंबरी? ती मोठीच आहे, पण साथीवरच्या प्रत्येक यादीत ती असतेच, त्यामुळे ती वाचकापर्यंत माझ्याशिवायही पोहोचेल. ती जागा मी रिकामी ठेवेन आणि का ठेवली ते लिहीन. प्रेतं उचलणारे, कुलूपबंद घरांवर पहारा देणारे, आजाऱ्यांचे कपडे धुणाऱ्या बायका यांनी स्वतः लिहिलेलं या चार पुस्तकांत काहीच नाही. थ्युसिडिडीस आणि डेफो त्यांच्याबद्दल लिहितात, ते स्वतः बोलत नाहीत. वाचकाला हे सांगितलं की तो पुढच्या प्रत्येक पुस्तकात तो आवाज शोधायला लागतो.

ही चार पुस्तकं एखाद्या ग्रंथालयात शोधायला गेलात तर ती चार टोकांना सापडतील. मेल्विल ड्यूईच्या 1876 च्या दशमान वर्गीकरणात, म्हणजे प्रत्येक विषयाला आकडा देणाऱ्या मांडणीत, वैद्यक 600 च्या घरात, वाङ्मय 800 च्या, इतिहास 900 च्या, सूक्ष्मजीव 500 च्या. यात ग्रंथपालाचा दोष नाही. पुस्तक कुठेतरी एकाच जागी ठेवावं लागतं. पण शिफारस करणाऱ्याला तशी सक्ती नाही, तरी तोही कपाटाप्रमाणेच विचार करतो: एक इतिहासाचं, एक विज्ञानाचं, एक ललित. अॅडलरच्या त्या 54 खंडांबद्दल मी वर तिखट लिहिलं, पण त्यातले दोन खंड मला मनापासून आवडतात. ते नुसती सूची आहेत. 102 कल्पना घेतल्या आणि कोणत्या लेखकाने कोणत्या पानावर त्याबद्दल काय म्हटलंय याचा माग दिला. सगळ्या उपक्रमात वाचकाच्या प्रश्नापासून सुरुवात करणारी तेवढी एकच गोष्ट, आणि बहुतेक घरांत तीच सगळ्यांत कमी उघडली गेली असणार असा माझा अंदाज आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. असं चारी दिशांनी वाचलं तर माणूस उथळ होतो. चार ठिकाणी हातभर खणून पाणी लागत नाही, एकाच जागी खोल जावं. मला हे विखुरलेल्या वाचनाबद्दल मान्य आहे. झोप, पैसा, साम्राज्यं, झाडं अशा उड्या मारणाऱ्या यादीला हा आक्षेप नेमका लागू पडतो, आणि तिला कुणी तो घेत नाही! एका प्रश्नाभोवतीची चार वेगळ्या जातींची पुस्तकं मात्र एकमेकांना तपासतात. खोली म्हणतात ती यातूनच येते. एकाच लेखकाची पाच पुस्तकं वाचून त्याचे आंधळे कोपरे दिसतीलच असं नाही, कारण ते पाचही पुस्तकांत आंधळेच असतात.

कुतूहलाच्या मानसशास्त्रातूनही याला थोडा आधार मिळतो. जॉर्ज लोवेनस्टीन यांनी 1994 मध्ये मांडलं की आपल्याला काय माहीत आहे आणि काय माहीत नाही यांतली फट डोळ्यांसमोर आली की कुतूहल जागं होतं. म्हणजे अजिबात काहीच माहीत नसेल तर कुतूहलही नाही. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारले, तेव्हा ज्या उत्तराबद्दल माणूस अर्धवट खात्रीत होता त्याचंच त्याला सर्वांत जास्त कुतूहल वाटलं. ठाम माहीत असलेल्याचं नाही आणि मुळीच माहीत नसलेल्याचंही नाही. 'तुझ्या परिघाबाहेरचं काहीतरी वाच' हा सल्ला म्हणूनच फारसा चालत नाही. परिघाच्या कडेवरचं काहीतरी द्यावं लागतं. कॉलऱ्याचा हापसा ऐकून माहीत असलेल्याला स्नोचे तक्ते पचतात. काहीच न ऐकलेल्याला तेच तक्ते दिले तर तो पुस्तक मिटवेल, आणि चूक त्याची नसेल.

यंत्राकडून मिळणाऱ्या शिफारशींना शिव्या घालायची सध्या पद्धत आहे. मी त्यात फार रमत नाही. 'हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं' या पद्धतीचं तंत्र अॅमेझॉनच्या अभियंत्यांनी 2003 मध्ये एका लेखात उघडपणे सांगितलं आहे. कोणत्या वस्तू एकाच गिऱ्हाइकाच्या खरेदीत एकत्र दिसतात याचा आधीच तक्ता करून ठेवायचा, आणि तुम्ही एक उचललीत की त्या तक्त्यातल्या जवळच्या वस्तू दाखवायच्या. पुस्तकात काय आहे हे या तक्त्याला कळण्याची गरजच नाही. त्यामुळे 'आणखी असंच' या मागणीला त्याचं उत्तर बऱ्याचदा माणसापेक्षा सरस असतं. 'हाच प्रश्न, पण याला खोडून काढणारं कोण?' याचं उत्तर त्यात नाही, कारण थ्युसिडिडीस आणि सूक्ष्मजीवशास्त्राचं पाठ्यपुस्तक एकत्र विकत घेणारे किती असणार?

लोकप्रियतेच्या याद्यांचं दुखणं वेगळं आहे. सॅलगनिक, डॉड्स आणि वॉट्स या तिघांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चौदा हजारांहून जास्त लोकांना अनोळखी बँडची 48 गाणी ऐकायला दिली. काहींना फक्त गाणी दिसत होती, काहींना इतरांनी कोणती किती वेळा डाउनलोड केली हेही दिसत होतं, आणि हे दुसरे लोक आठ स्वतंत्र गटांत विभागले होते. इतरांची पसंती दिसली की पुढची आणखी पुढे गेली, मागची आणखी मागे पडली. पण कोणतं गाणं पुढे जाणार हे प्रत्येक गटात वेगळं निघालं. अगदी उत्तम गाणी सहसा फार खाली गेली नाहीत, अगदी वाईट सहसा वर आली नाहीत, मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. पुस्तकांत आणि गाण्यांत फरक आहेच, तरी 'हे सगळेच वाचतायत' या शिफारशीचं वजन किती धरावं याचा अंदाज यावरून येतो.

एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे शिक्षक. 1931 साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातले दोन अगदी जोडीने येतात: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. सर्वांसाठी म्हणून छापलेली यादी या दोन्ही नियमांत बसत नाही. तिला समोरचा वाचक दिसत नसतो आणि अवघड, बेढब, उपेक्षित पुस्तकासाठी वाचक शोधायची तिला गरजही वाटत नाही. तरीही यादी छापायचीच असेल तर तिने निदान थोडी जास्त मेहनत करावी. प्रत्येक पुस्तकापुढे 'अप्रतिम', 'आवर्जून वाचा' असं लिहिण्याऐवजी लेखकाला हे कसं कळलं ते एका ओळीत लिहावं. ते कुठे जुनं झालंय, कुठे चुकलंय हेही लिहावं. कोणती पानं आधी वाचावीत आणि कोणती बिनदिक्कत गाळावीत हे तर लिहावंच. अॅडलरच्या खंडांत टॉलेमी, केप्लर, फूरिए यांचे मूळ ग्रंथ टिपांशिवाय, प्रस्तावनेशिवाय दिले होते. एकट्या वाचकाला त्यातून वाट काढणं जवळपास अशक्य. आदर होता, मदत नव्हती. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी 1992 मध्ये वाचकाचे दहा हक्क सांगितले, त्यांत पानं गाळण्याचा आणि पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क आहे. मी त्यापुढे जाऊन म्हणेन की शिफारस करणाऱ्यानेच कुठे सोडलं तर चालेल ते सांगावं. थ्युसिडिडीसची साथीची पानं वाचून पुस्तक मिटणाऱ्याने काहीही गुन्हा केलेला नाही.

आणि पुस्तक सुचवून झाल्यावर पाठपुरावा करावा. 'आवडलं का?' या प्रश्नाला माणसं भिडेखातर हो म्हणतात. 'कुठे सोडलंस?' असं विचारलं की खरं उत्तर येतं. स्नोच्या तक्त्यांशी सोडलं तर पुढच्या वेळी आधी त्याचा हापशाभोवतीच्या मृत्यूंचा नकाशा द्यावा, तक्ते मागाहून. डेफोच्या लांबणीला कंटाळला तर त्याला एखादी पत्रं, एखादी खरी रोजनिशी द्यावी. कुणी चारही पुस्तकं बाजूला ठेवेल आणि विचारेल की त्या पाण्याचं पुढे काय झालं, शहराने काही केलं का. त्याला जोसेफ बाझलजेट या अभियंत्याने बांधलेल्या लंडनच्या भुयारी गटारांबद्दल काहीतरी वाचायला द्यावं. 1858 च्या उन्हाळ्यात थेम्सची दुर्गंधी पार्लमेंटच्या खिडक्यांपर्यंत पोहोचली आणि मग भराभर पैसा मंजूर झाला. घाण वासाने रोगराई होते या समजुतीपोटी, म्हणजे स्नोने खोडून काढलेल्या कारणासाठी, ती गटारं बांधली गेली, आणि कॉलरा त्यांनी खरोखरच हटवला. 1866 ची शेवटची मोठी साथ आली ती शहराच्या पूर्व भागात, जिथे हे काम अजून पुरं व्हायचं होतं. कारण चुकीचं असताना उपाय बरोबर कसा ठरला, हा नवा प्रश्न त्याला तिथे भेटेल, आणि त्यासाठीची पुस्तकं पुन्हा वेगळी असतील.